कच्च्याचा कचरा

आवराबाईला रिकामं बसता येत नाही, हा तिच्या सगळ्या दुखण्यांचा मूळ आजार. एकदा दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसली होती. डॉक्टर हात धुवायला वळले, तेवढ्यात हिनं त्यांच्या ट्रेमधली हत्यारं उंचीप्रमाणे लावून टाकली. डॉक्टर परत येऊन बघतात तर काय, सगळं शाळेच्या प्रार्थनेला उभं राहिल्यासारखं. ओरडणार कुणावर? तोंडात कापूस घातलेल्या बाईशी भांडता येतं का?

तोंडावर तिला सगळी गल्ली ताईच म्हणायची. आवराबाई हे पाठीमागचं नाव. तिला ते माहीत होतं, आणि सांगू का, मनातून आवडायचंही.

तिची धाकटी बहीण म्हणजे छोटी. केस पांढरे झाले, जिना चढताना गुडघे बोलायला लागले, तरी छोटी ती छोटीच. आई लवकर गेली, म्हणून ताईनंच तिला वाढवलं. वेणी इतकी घट्ट घालायची की शाळेच्या प्रत्येक फोटोत छोटी चकित झालेली दिसते. अजूनही घरातून निघताना ताईचा हात छोटीच्या कॉलरशी जातोच, आणि छोटी झुरळ झटकावं तसा तो झटकते. रोजचा कार्यक्रम.

वर दोघींचं दोन खोल्यांचं घर, खाली छोटीचा फोटो स्टुडिओ. एका बाजूला चष्म्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला किल्ल्या करून देणारा. छोटीचा सगळा जन्म ओळखपत्रांचे फोटो काढण्यात गेला. हनुवटी थोडी वर, खांदे सरळ, हसू नका. अर्ध्या गावाच्या खिशातल्या पाकिटांत तिनं काढलेले चेहरे आहेत, पण एकाच्याही खाली तिचं नाव नाही. असतं का कधी? ओळखपत्रावर ओळख फोटोतल्या माणसाची, काढणारीची नव्हे.

आणि आता पहिल्यांदा, या वयात, छोटीचा एक फोटो भिंतीवर लागणार होता. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरच्या दालनात, मोठा करून, खाली नाव लिहून.

फोटो होता लॉन्ड्रीतला. रविवारच्या फोटो मंडळाची सहल गेली होती, तीही कुठे, तर इस्पितळांचे कपडे धुणाऱ्या मोठ्या लॉन्ड्रीत. हौशी लोकांना काय, वाफ दिसली की आनंद. ताई बॅग धरायला म्हणून गेली होती. तिथे दोरीवर पांढऱ्या चादरींच्या भिंतीच्या भिंती, आणि त्यांच्यामधून एक कामगार डोक्यावर टोपली घेऊन येतोय, मागून वाफ, एका खिडकीतून ऊन. छोटीनं बटण दाबलं आणि तिला तिथेच कळलं की हा जमला.

आता इथे एक गोष्ट सांगते, ती नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातच आहे. छोटीचा कॅमेरा प्रत्येक फोटोच्या दोन फाइली करतो. एक कच्ची. तिच्यात कॅमेऱ्याला जे जे दिसलं ते सगळं, न पाखडता, न निवडता भरलेलं असतं. दिसायला ती फिक्की, आजारातून उठल्यासारखी, आणि आकारानं ही एवढी अवाढव्य. दुसरी जेपेग. तिच्यात कॅमेरा स्वतःच्या अकलेनं रंग चढवतो, नको वाटेल ते टाकून देतो आणि घडी घालून लहानशी फाइल हातात ठेवतो. कुणालाही पाठवा, कुठेही उघडा. पण त्यानं टाकलं ते टाकलं. चादरीची चुणी त्याला नुसती पांढरी वाटली, तर ती कायमची पांढरीच. कच्चीत मात्र ती चुणी कुठेतरी दडून असते, काढता येते.

छोटीनं कॉम्प्युटरवर दोन कप्पे केले होते. एकाचं नाव ‘कच्चे’, दुसऱ्याचं ‘पक्के’. पक्क्यात निवडक जेपेग, कच्च्यात सगळं, बिघडलेल्यासकट.

मंडळात या कच्च्या-पक्क्यावरून कायम जुंपायची. जुंपवणारा म्हणजे फर्मास. गोल चेहऱ्याचा, मोठ्या आवाजाचा माणूस. काहीही दाखवा, म्हणणार “फर्मास!” तो कच्ची काढायचाच नाही.

“छोटी मॅडम, तुम्ही गहू दळत बसा,” तो म्हणायचा. “मी आपला पाव घेऊन घरी जातो.”

“आणि पाव करपला तर?” छोटी म्हणायची.

“माझा कॅमेरा करपवत नाही!”

त्या दिवशी सकाळी छोटी औषधांच्या कारखान्यात निघाली होती. कामगारांची नवी ओळखपत्रं करायची होती. दारात उभी राहून तिनं हाक मारली, “ताई, एक रिकामं कार्ड दे गं.”

ताईनं पत्र्याची डबी उघडली. कॅमेऱ्याची कार्डं तिनंच ओळीनं लावलेली, प्रत्येकावर छोटं लेबल, टाइप केल्यासारख्या अक्षरात. त्यातलं काम झालेलं एक काढलं, लेबल सोलून टाकलं, दिलं. छोटीनं ते कॅमेऱ्यात सारलं, तिथल्या तिथे पुसून कोरं केलं आणि खांद्याला बॅग अडकवली. तेवढ्यात फोन वाजला.

फोन होता प्रदर्शनाच्या परीक्षकांचा, म्हणजे चित्रकलेच्या बाईंचा. शाळेतून निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना बाईच म्हणतात. छोटी ऐकत होती, “हो बाई, हो बाई,” म्हणत होती, आणि मग एकदम हसायला लागली. फोन ठेवून म्हणाली, “ताई, मज्जा ऐक. प्रदर्शनासाठी आलेली दोन पाकिटं उघडली, तर दोन्हीतून माझाच फोटो निघाला! लॉन्ड्रीचा! एकावर माझं नाव, दुसऱ्यावर फर्मासचं.”

“अगं, मग?” ताईचा हात कॉलरकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला.

“मी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता ना, तिथून उचलला असणार. बाई म्हणाल्या, दोघांनी मूळ कच्ची फाइल आणून दाखवा. त्यांचा नियमच आहे. जेपेग काय, कुणाची कुणाच्याही हातात सापडते.”

“आणि नाही आणली तर?”

“तर दोघांचंही नाव काढणार, प्रदर्शनातून आणि मंडळातूनही. चोर कोण ते कळत नाही, म्हणजे दोघंही चोर. आज दालन बंद व्हायच्या आत.” छोटी पायात बूट सरकवत होती. “आणि त्याच्याकडे कच्ची नाहीच! काढतच नाही ना तो. माझ्याकडे आहे. ‘कच्चे’मध्ये लॉन्ड्री म्हणून आहे बघ, पेनड्राइव्हवर घेऊन ठेव. मी आले की जाऊ.”

“बरं,” ताई म्हणाली.

छोटी शीळ घालत गेली. आणि ताई तशीच उभी राहिली. घाबरली की ती ‘बरं’ म्हणते, हे छोटीला माहीत असायला हवं होतं. पण आनंदात माणसाला ऐकू कमी येतं.

कारण ‘कच्चे’ गेल्या आठवड्यात ताईनं आवरले होते.

आता तिला नावं ठेवायच्या आधी जरा तिची बाजू ऐका. आवराबाईची सगळी नोकरी एका कार्यालयात टायपिंग करण्यात गेली. तिथला नियम असा: आधी कच्चा मसुदा. साहेबांनी त्यावर लाल रेघोट्या मारायच्या. मग पक्की प्रत, पक्कीवर सही, आणि सही झाली की कच्चा फाडायचा. उभा एकदा, आडवा एकदा, आणि टोपलीत. कच्चा टेबलावर पडलेला दिसला की साहेबांचा पारा चढायचा, कारण एकदा चुकून कच्चाच टपालात गेला होता, समासात साहेबांनी लिहिलेल्या ‘हा मूर्ख माणूस’सकट, आणि त्याच मूर्ख माणसाला पोचला होता. तेव्हापासून ताईच्या डोक्यात पक्कं बसलं: पक्कं झालं की कच्चं ठेवायचं नाही.

कॉम्प्युटर जागा संपली म्हणून कुरकुरत होता. छोटी कामात. ताईनं बघितलं, ‘कच्चे’ नावाचा कप्पा फुगून टम्म, ‘पक्के’ नीटनेटका. पक्के तयार आहेत म्हणजे कच्च्यांचं काम झालं. कच्चा आणि कचरा, अक्षराचाच काय तो फरक. पुसले. आणि पुसलेलं ज्या टोपलीत जातं ती टोपलीही रिकामी केली. ती कुठली टोपली भरलेली ठेवतेय! छोटीला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून बोलली नाही. धक्का तर आता बसणारच होता.

ती खाली गेली, कॉम्प्युटर लावला. माउस हातातून दोनदा निसटला. ‘कच्चे’ उघडलं. आत पांढरं स्वच्छ अंगण. टोपली उघडली. टोपली लख्ख.

आयुष्यात पहिल्यांदा आवराबाईला स्वच्छता बघवेना.

तिनं कॉम्प्युटरच्या वायरी काढल्या, डबा उचलला आणि पोटाशी धरून गल्लीच्या टोकाला दुरुस्तीवालीकडे गेली. दुरुस्तीवाली म्हणजे एक सडसडीत मुलगी, कानात कायम एकच इअरबड, दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा. तिनं सगळं ऐकलं, डबा लावला, बघितलं आणि ओठ मुडपले.

“मावशी, जुनी डिस्क असती तर काढून दिलं असतं. ही नव्या जातीची. पुसलं की मागून स्वतःच धुऊनही टाकते.”

“म्हणजे माझ्यासारखीच,” ताई पुटपुटली.

“दुसरी प्रत नाही ठेवली कुठे?”

दुसरी प्रत ठेवायला वेगळी डिस्क छोटी पुढच्या आठवड्यात आणणार होती. गेली कित्येक वर्षं पुढच्याच आठवड्यात आणणार होती.

“बरं, ज्या कार्डावर काढले ते कार्ड कुठाय?” मुलीनं विचारलं. “कार्डावरून निघतात.”

“कार्डं सगळी डबीत…” ताई बोलली आणि हात वर केला, आणि तिला मनगटाच्या बाहीवर काहीतरी चिकटलेलं दिसलं. सकाळी सोललेलं लेबल. तिच्याच सुबक अक्षरात लिहिलेलं: लॉन्ड्री.

तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“तेच कार्ड आज तिच्या कॅमेऱ्यात आहे,” ती म्हणाली. “तिनं पुसलं आणि घेऊन गेली.”

मुलीनं कानातला तो एक इअरबडही काढला. तेव्हा ताईला खरी भीती वाटली.

“ऐका. कॅमेऱ्यात पुसलं म्हणजे काय, दारावरच्या पाट्या काढल्या. माणसं आत तशीच आहेत. पण आता एकेक फोटो काढला की नवा भाडेकरू येतो, पहिल्या खोलीपासून, आणि जुन्याला खरोखरच घालवतो. काढत असतील का त्या?”

“ओळखपत्रं. सगळ्या कारखान्याची.”

“मग फोन करा ना, मावशी! थांबवा!”

फोन वाजत राहिला. काम करताना छोटी फोन मुका करून बॅगेच्या तळाशी टाकते. टाकू नको म्हणून ताईनंच कितीदा सांगितलं असेल.

ताई बसमध्ये बसली. बस अशी चालली होती की जणू तिला कुठे पोचायचंच नव्हतं. समोरच्या सीटवर एका माणसाच्या कोटाची बटणं चुकीच्या काजांत घातलेली होती, एक खांदा वर, एक खाली. आवराबाईला ती दिसलीसुद्धा नाहीत. एवढ्यावरून ओळखा तिची काय अवस्था असेल.

ती मनात कबुलीजबाब टाइप करत होती. ‘कळवण्यास अत्यंत खेद होतो की…’ फाडला. ‘छोटी, रागावू नकोस, पण…’ फाडला. ‘तुझ्या भल्यासाठीच…’ हा तर फाडून वर पायाखाली तुडवला. प्रत्येक सिग्नलला बस थांबायची आणि ताईला दिसायचं: हनुवटी वर, खांदे सरळ, क्लिक. लॉन्ड्रीतून एक चादर गेली. पुढचा. क्लिक. आणखी एक गेली. तो टोपलीवाला मधूनच चालत येतोय आणि त्याच्यामागे एकेक खोली रिकामी होतेय.

कारखान्याच्या फाटकावर रखवालदार.

“पास?”

“माझी बहीण आत फोटो काढतेय.”

“सगळ्यांचेच काढतायत. केसांना जाळी लावा आणि रांगेत उभ्या राहा.”

“अहो, मी कामाला नाही इथे…”

“नवीन आहात, माहितेय. सगळ्या नव्या असंच म्हणतात.” त्यानं तिच्या डोक्यावर जाळीची टोपी ठेवली आणि व्हरांड्याकडे बोट दाखवलं.

व्हरांड्यात ही लांब रांग, भिंतीला धरून वळलेली. टोकाला एक दार, अर्धवट लोटलेलं. दाराच्या फटीतून पांढरा प्रकाश लखकन यायचा आणि जायचा. तिनं रांग सोडली.

“ओ बाई, मागून या!”

“आम्ही काय इथे वेळ घालवायला उभे आहोत?”

“मेकअप करून आलीय म्हणून पुढे चालली!”

लखकन. पुन्हा. ताई धावायला लागली. त्या वयाची, जाळीची टोपी घातलेली बाई व्हरांड्यात धावतेय म्हटल्यावर लोक आपोआप बाजूला झाले.

“हनुवटी थोडी वर,” आतून छोटीचा आवाज आला. “हां, तशीच…”

“छोटी! बटण दाबू नकोस!”

स्टुलावरचा माणूस हनुवटी वर करून तसाच गोठला. छोटीनं वळून बघितलं, ताईच्या डोक्यावरची जाळी बघितली, चेहरा बघितला, आणि तिचा रंग उडाला.

“कोण गेलं?”

“कुणी नाही. कच्चे गेले. मीच पुसले.” ताईला वाटलं होतं की रडू येईल, पण आवाज कोरडाच निघाला. “पक्के झाले म्हणून कच्चे टाकून दिले. कॉम्प्युटरवर काही नाही. हे कार्ड लॉन्ड्रीचं आहे. तू आता त्याच्यावरच काढतेयस. दुरुस्तीवाली म्हणाली, थांबव.”

दारात रांगेतली डोकी जमली होती. छोटीनं कॅमेरा बंद केला, झाकण उघडलं, कार्ड काढलं आणि ताईच्या हातावर ठेवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही.

“माझ्याकडे दुसरं आहे,” ती म्हणाली. “हे लोक उभे आहेत. मला हे संपवायला हवं. तू ने.”

“किती गेले असतील गं?”

छोटीनं जरा विचार केला. “ओळखपत्राला कच्ची कशाला हवी? जेपेगच काढतेय. लहान आहेत.” मग दुसरं कार्ड आत सारता सारता म्हणाली, “ताई, आता काही बोलू नकोस.”

आता बघा गंमत. मंडळात कच्च्याच्या नावानं टाहो फोडणारी ही बाई पोटापाण्याला मात्र जेपेग काढत होती, आणि आज तेवढाच काय तो धीर होता. फर्मासच्या त्या घडी घातलेल्या आटोपशीर फाइली! कच्च्या काढल्या असत्या तर लॉन्ड्री केव्हाच झाडून निघाली असती. पण हे तेव्हा बोलायची कुणाची छाती होती?

परतीच्या बसमध्ये ताईनं कार्ड मुठीत धरलं होतं, पक्ष्याचं पिल्लू धरावं तसं, घट्टही नाही आणि सैलही नाही. जाळीची टोपी डोक्यावर तशीच होती. कुणी सांगितलं नाही आणि तिलाही कळलं नाही.

दुरुस्तीवालीनं कार्ड लावलं. पडद्यावर एक रेघ पुढे सरकायला लागली, मुंगीच्या पावलांनी. ताई बाकावर बसून राहिली. आजूबाजूला वायरींचा असा गुंता की एरवी तिनं सोडवून, गुंडाळून, रबर लावून दिला असता. तिनं हात मांडीखाली घातले. कशालाही हात लावायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. या हातांवर तिचा विश्वास उरला नव्हता.

छोटी आली तेव्हा बाहेरचं ऊन कलायला लागलं होतं. ती ताईच्या शेजारी बसली नाही, उभीच राहिली.

“आधी हे निघाले,” मुलगी म्हणाली. पडद्यावर केसांना जाळी लावलेले चेहरे, ओळीनं, हनुवटी वर. “ते तुमचे आजचे. आता खालचं येतंय.”

एक राखाडी चौकट आली. मग दुसरी. उघडेनात. मग एकावर नाव आलं आणि छोटी पुढे वाकली.

“हा. हाच नंबर त्याचा. उघड.”

मुलीनं उघडायला घेतली. नुसता राखाडी चौकोन. तिनं दुसऱ्या तऱ्हेनं करून बघितलं, तिसऱ्या. मग खुर्ची मागे सरकवली.

“याचं डोकं गेलंय, मॅडम. धड आहे, पण फाइलीचं डोकंच नसेल तर धड कुणाचं ते कॉम्प्युटरला कळत नाही. शेवटच्या एक-दोन क्लिकनी खाल्लं असणार.”

एक-दोन क्लिक. ताईला तो सिग्नल आठवला, तो रखवालदार, ती रांग. किल्ल्या कापण्याचं मशीन पलीकडे कर्र कर्र करत होतं.

“संपलं,” छोटी म्हणाली. तिनं बॅग उचलली. “ठीक आहे. बाईंना सांगते जाऊन.”

“थांबा हो, खालचे निघतायत ना,” मुलगी म्हणाली. “त्याच्या पुढचे सगळे शाबूत दिसतायत. कच्चे आहेत. बघा तरी.”

पुढचा फोटो उघडला. फिक्का, मरगळलेला, पण अख्खा. तेच ऊन, त्याच चादरी, तोच टोपलीवाला, फक्त एक पाऊल पुढे आलेला. आणि उजव्या कडेनं आत घुसलेला एक हात. बाही दुमडलेली, मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला. हात चादरीचं वाकडं टोक ओढून सरळ करतोय.

दोघी बहिणींना एकदमच आठवलं. तो फोटो काढून होतोय न होतोय तोच ताईला ती चादर वाकडी दिसली होती. आवराबाई ती, राहवेल का? गेली तशीच चौकटीत. आणि छोटी सगळ्या मंडळादेखत केवढ्यानं ओरडली होती, “ताई, हात!” तो टोपलीवाला हसत सुटला होता. त्याच्या पुढच्या फोटोत तो हसतच होता, टोपली तिरकी, डोळे मिटलेले. साफ बिघडलेला फोटो. असले फोटो पक्क्यात जात नाहीत.

ताईनं आपला हात मागे लपवला. घड्याळ तेच होतं.

“हा फर्मासकडे असणं शक्य नाही,” छोटी हळू म्हणाली. आणि मग मोठ्यानं, “भर! सगळे भर पेनड्राइव्हवर! लवकर!”

ग्रंथालयाचा जिना दोघी कशा चढल्या ते त्यांच्या गुडघ्यांना विचारा. दालनात शिपाई खिडक्या लावत होता. चित्रकलेच्या बाई टेबलामागे बसल्या होत्या, समोर फर्मास, रुमालानं मान पुसत. त्याच्यासमोर त्याचा फोन.

“मी काढलाय हो, बाई,” तो सांगत होता. “मी कच्ची काढत नाही म्हणून काय मी खोटा?”

बाईंनी पेनड्राइव्ह घेतला. “मूळ फाइल?”

“त्या फोटोची नाही,” छोटी म्हणाली. “ती गेली. तिच्या लगेच पुढच्या आहेत.”

“नियम त्या फोटोच्या फाइलीचा आहे.”

“माहीत आहे. तरी बघा.”

बाईंनी चष्मा चढवला आणि कितीतरी वेळ बघत बसल्या. टोपलीवाल्याचं पाऊल बघितलं, वाफ बघितली. फोटो उजळला, काळोखा केला. जेपेगमध्ये नुसती पांढरी दिसणारी चादर, उजेड कमी केल्यावर तिच्यातून चुण्या वर आल्या, एकेक. मग बाई त्या हाताशी थांबल्या.

“हा हात कुणाचा?”

ताईनं बाही घड्याळावर ओढली.

“माझ्या बहिणीचा,” छोटी म्हणाली. “तिला आवरायची सवय आहे.”

फर्मासनं मान लांब करून बघितलं. घड्याळ बघितलं, मग ताईकडे बघितलं, आणि त्याचा गोल चेहरा हळूहळू उतरत गेला.

“त्या दिवशी माझ्या जॅकेटची चेनसुद्धा ताईंनीच वर ओढली होती,” तो म्हणाला. “हा काढला तेव्हा मी तर मशिनांपाशी होतो. पलीकडे.” तो फोन चाळायला लागला, वर, खाली. “बाई, ग्रुपवरचे फोटो माझ्या फोनमध्ये आपोआप उतरतात. माझे, सगळ्यांचे, एकाच ढिगात. त्यात हा दिसला. इतका छान आला होता… मला वाटलं, आपलाच असणार.”

खरं होतं की बतावणी, ते त्याचं त्याला ठाऊक. पण त्याचे कान लाल झाले होते, आणि कान काही ठरवून लाल करता येत नाहीत. त्यानं आपलं पाकीट टेबलावरून उचललं, छोटीपुढे मान वाकवली आणि गेला. आयुष्यात पहिल्यांदा ‘फर्मास’ न म्हणता.

बाईंनी छोटीच्या नावापुढे खूण केली. “फोटो तुमचा, यात आता शंका नाही. पण भिंतीवर मोठा लावायचा म्हणजे कच्चीतून करायला हवा. जेपेग एवढी ताणली तर चादरी नुसत्या पांढऱ्या पाट्या होतील. ती कच्ची तर गेली म्हणता.”

“गेली.”

“मग हा लावा.” बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. “हातासकट.”

“हा बिघडलेला आहे, बाई.”

“तो नुसता सुंदर होता. ह्यात काहीतरी घडतंय.” बाई उठल्या. “जबरदस्ती नाही. उद्या कळवा.”

बाहेर पायऱ्यांवर दोघी आल्या. रस्त्यावरचे दिवे लागत होते. छोटी पुढे, ताई दोन पायऱ्या मागे. कारखान्यातून आल्यापासून छोटी तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती, आणि ताईला ते कळत होतं. आयुष्यभराचा एक चांगला फोटो. तो तिनं पुसला होता. नाव वाचलं, पण तो वाचला नव्हता. याला कुठलं लेबल लावणार?

“मी आता कॉम्प्युटरला हात लावणार नाही,” ताई मागून म्हणाली. “कशालाच नाही.”

छोटी थांबली. वळली. बराच वेळ ताईच्या डोक्याकडे बघत राहिली, आणि मग तिचे ओठ थरथरायला लागले. रडतेय की काय, असं ताईला वाटलं.

“दिवसभर,” छोटी म्हणाली, “तू ही टोपी घालून फिरलीस?”

ताईनं डोक्याला हात लावला. जाळी! बसमध्ये, दुकानात, बाईंच्या समोर! तिनं ती ओढून काढली, आणि बघा सवय, घडी घालायला लागली. अर्ध्यात थांबली.

छोटी जवळ आली. धावपळीत तिची कॉलर एका बाजूनं आत दुमडली होती, पार मानेपर्यंत. ताईला ती केव्हापासून दिसत होती. दुरुस्तीवालीकडे दिसली होती, जिन्यात दिसली होती, बाईंच्या समोरही. हात नुसता शिवशिवत होता, तिनं तो घट्ट मुठीत धरून ठेवला होता.

छोटीनं मान जराशी पुढे केली.

“कर,” ती म्हणाली. “एवढी कर. बाकी कशाला हात लावलास तर बघ.”